सखा वाघाचा धुरा

सखाला येडा म्हणणाऱ्यांत पहिली मीच. तोंडावर म्हणायचे, त्यात काय लपवायचं? तो माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ, म्हणजे माझा दीर. दिराला नावं ठेवायचा हक्क वहिनीचा नाय तर कोणाचा?

सखा लाडक्या वाघ. बाप लाडक्या वीटभट्टीवर राबला आणि भट्टीवरच गेला. जमीन आमच्यात कोणाकडंच नाय, आजा-पणजापासून नाय. दुसऱ्याचा भात लावायचा, दुसऱ्याची नागली कापायची, आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन भट्टीवर. सखा लहानपणी भट्टीवर आलेल्या ट्रकखाली जाऊन उताणा पडायचा. सावलीसाठी नाय हो, खाली काय काय लावलंय ते बघायला. एकदा ड्रायव्हरनं गाडी चालू केली तेव्हा बापानं पाय धरून ओढून काढला आणि असा बडवला, की आठ दिवस पोरगं कुशीवर झोपत होतं. नवव्या दिवशी परत ट्रकखाली.

पुढं जव्हारला एका गॅरेजात लागला. आमच्याकडच्या जीपा तुम्ही बघितल्या नसतील तर सांगते. आत पंधरा माणसं, मागं लटकलेली पाच, टपावर पोती, कोंबड्या आणि कोणाची तरी सायकल. मागची दोन्ही चाकं एकाच लोखंडी धुऱ्याला, सगळं वजन त्या धुऱ्यावर. धुरा आणि गाडी यांच्यामध्ये वाकवलेले पोलादी पाटे, एकावर एक रचलेले. ते मोडायचे. सखा ते असे बसवून द्यायचा, की मोखाड्याकडच्या वळणांवर म्हातारीच्या मांडीवरची अंडी शाबूत घरी यायची. जीपवाले म्हणायचे, पाटे बसवावेत तर सखानं, वेल्डिंग मारावं तर सखानं. हे मी कौतुकानं नाय सांगत. तेव्हा मला त्याचं काही कौतुक नव्हतं. मला वाटायचं, लोखंडाशी एवढं बोलतो, बाईशी बोलला असता तर लग्न झालं असतं.

आता साहेबाचं सांगते. कारखानीस साहेब ठाण्याचे. तिकडं पत्रा कापायची फॅक्टरी, आणि इकडं जव्हार-खोडाळा रस्त्याला बंगला. माझा नवरा अर्जुन तिथं गेटवर वॉचमन, मी स्वयंपाकाला, आणि बंगल्याच्या मागं आम्हाला एक खोली. अर्जुनला दमा. भट्टीच्या धुराळ्यात त्याचा जीव राहत नाय, डॉक्टरनं साफ सांगितलेलं. तेव्हा ते गेट सुटलं तर आम्ही कुठं जायचं, याला उत्तर नव्हतं. आजही नाय.

साहेबाला रेसची गाडी पाहिजे होती. विकत नको, घरी बनवलेली पाहिजे! बंगल्यात आधीच चार गाड्या उभ्या, आणि हा माणूस पन्नाशीत शेडमध्ये पाइप जोडत बसलाय. मी अर्जुनला म्हणाले, पोट भरलं की माणसाला असे डोहाळे लागतात. पण गाडी तयार व्हायला लागली खरी. लाल, बुटकी, बाजेएवढी उंच, वर छप्पर नाय आणि जागा दोनच माणसांची. पुढचं सगळं ठीक. मागं एका जुन्या व्हॅनचा सरळ धुरा पाट्यांसकट लावलेला, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. सरळ रस्त्यावर मागची चाकं टणाटण उडायची आणि वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर पळायचा. ठाण्याचे दोन मिस्त्री आले, हात टेकून गेले.

साहेब एक दिवस जेवताना कुरकुरत होते. मी भाकरी वाढता वाढता म्हणाले, ‘‘साहेब, आमचा सखा आहे. त्याला बोलवा.’’ मीच म्हणाले. दुसरं कोणी नाय.

सखा आला. नमस्कार नाय, चमत्कार नाय, थेट गाडीखाली. तासभर नुसते पाय दिसत होते. बाहेर आला आणि म्हणाला, ‘‘पाटे काढा. पाटे वजनपण धरतात आणि धुरापण धरतात. एका हातानं दोन कामं, म्हणून दोन्ही वाईट.’’

साहेब म्हणाले, ‘‘मग धुरा कशानं धरणार?’’

‘‘पाच दिवस द्या.’’

ते पाच दिवस त्यानं माझा ओटा अडवला. बांबूच्या कामट्या, सायकलच्या तारा, सुतळी, खिळे. मी पीठ मळायला बसले की खाली कामट्या टोचायच्या. पण पाचव्या दिवशी त्यानं मला बोलावलं आणि दाखवलं, आणि देवाशपथ सांगते, मला कळलं. डब्यांच्या दोन गोल झाकणांची चाकं, मध्ये बांबूचा धुरा. धुऱ्याच्या प्रत्येक टोकाला दोन-दोन काठ्या, पुढं गाडीला जोडलेल्या. त्या धुऱ्याला पुढंमागं हलू देत नाय. वजन धरायला गोल स्प्रिंगा, त्यांचं काम तेवढंच. आणि पाचवी एक लांब आडवी काठी, एक टोक धुऱ्याच्या उजव्या बाजूला आणि दुसरं गाडीच्या डाव्या बाजूला.

‘‘ही कशाला?’’ मी विचारलं.

‘‘ही नसली तर धुरा डावीउजवीकडं सरकतो, दारुड्यासारखा. ही जेवढी लांब आणि जेवढी सपाट, तेवढं बरं. वजनानं गाडी खाली बसली आणि ही तिरपी झाली, तर हिच्या कानावर सगळा जोर येतो.’’ कान म्हणजे गाडीला वेल्डिंग केलेली ती पट्टी, ज्यात काठीचं टोक बसतं.

साहेब ओट्यावर उकिडवे बसून ते बांबूचं खेळणं वर-खाली करत राहिले. मग म्हणाले, ‘‘अरे, हे तुला कोणी शिकवलं?’’ सखा म्हणाला, ‘‘कोणी नाय. मोडलेलं लय बघितलंय.’’

पण चुकला एका ठिकाणी, आणि ती चूक आमच्याकडचाच माणूस करणार. स्प्रिंगा निवडायच्या होत्या, तर म्हणाला, वजन ठेवून बघतो, नागलीची दहा पोती आणा. साहेब हसून लोटपोट. ‘‘सखा, यात दोन माणसं बसणार रे! वीस नाही!’’ सखाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं जन्मात गाडी रिकामी चाललेली बघितलीच नव्हती. आमच्या रस्त्याला गाडी भरते, मग आणखी भरते, मग निघते. हात केलेल्या माणसाला सोडून जो रिकामा पुढं जातो, त्याला पाड्यावर पाणी कोणी विचारत नाय. दोन माणसांसाठी एवढं लोखंड, हे त्याच्या डोक्यातच शिरेना. शेवटी माप म्हणून मला आणि अर्जुनला त्यात बसवलं. दोघं मिळून एक क्विंटल. गाडी किती बसते ते बघून कोळशानं खुणा केल्या आणि त्या बेतानं नरम स्प्रिंगा लावल्या.

आणि गाडी चालली! साहेब पहिला फेरा मारून आले तेव्हा त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, मी खोटं सांगत नाय. मागून उडणं बंद, पळणं बंद. सखा मात्र म्हणाला, ‘‘आता यात तिसरा बसवू नका. आडवी काठी तिरपी होईल.’’ साहेबांनी त्याच दिवशी मला आणि अर्जुनला उभं करून ताकीद दिली. या गाडीत कोणी बसायचं नाय. बसलेलं कळलं तर खोली रिकामी करायची आणि चालू लागायचं. सरळ शब्दांत.

मग साहेबांनी सखाला सांगितलं ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. अशा दहा गाड्या बनवायच्या, ठाण्याला शेड टाकायची, पैसे घालणारे दोघं नाशिकहून रविवारी बघायला येणार. त्यांना आवडलं तर मागच्या धुऱ्याचं सगळं काम सखाकडं. आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात जिथं बनवणाऱ्याचं नाव असतं, तिथं नाव सखाचं. सखानं विचारलं, ‘‘पूर्ण लिहिणार? बापाच्या नावासकट?’’ साहेब म्हणाले, ‘‘सखा लाडक्या वाघ. पूर्ण.’’ त्या दिवशी तो आमच्याकडं जेवला आणि एकटाच हसत होता. मी म्हणाले, येडा तो येडाच. पण मनातून मलाही बरं वाटलं. आमच्यातल्या कोणाचं नाव मी कागदावर बघितलं होतं ते रेशनच्या यादीत नाय तर दवाखान्यात.

शनिवारी साहेब पाहुण्यांना आणायला नाशिकला गेले. जाताना सखाला म्हणाले, फाट्यापर्यंत एक शेवटचा फेरा मारून ठेव.

मी त्या दिवशी खोडाळ्याच्या बाजाराला गेले होते. सोबत सासू सुकरी, गुडघ्यानं अधू, आणि पाड्यावरच्या चौघी. नागली दळून घेतलेली, मीठ, सुकट, एक कोंबडा. एसटी आलीच नाय. जीपा सगळ्या लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेल्या. चालत चालत फाट्यापर्यंत आलो. ऊन टाळूवर. सासू खाली बसली ती उठेना. आणि समोरून लाल गाडी, एकटा सखा.

मी हात केला.

त्यानं गाडी हळू केली आणि मान हलवली. ‘‘वहिनी, नको. यात दोनच. उद्या पाहुणे आहेत.’’

आणि मी काय बोलले सांगू? मी म्हणाले, ‘‘वा रे वा! साहेबाचा जावई झालास का? म्हातारी रस्त्यात पडलीय आणि तू रिकामी गाडी पळवतोस? सांगते पाड्यावर सगळ्यांना. लाडक्याचा पोरगा आता आपल्यातला राहिला नाय!’’ चौघी हसल्या. त्यातली एक म्हणाली, मोठ्या माणसाला कशाला हाक मारतेस.

मला माहीत होतं हो. साहेबाची ताकीद मला माहीत होती, आडव्या काठीचं मला माहीत होतं, ओट्यावर बसवून त्यानं मलाच समजावलं होतं. पण मला त्या चौघींसमोर हात खाली घ्यायचा नव्हता. एवढीच गोष्ट.

सखाचं तोंड पडलं. तो म्हणाला, ‘‘म्हातारीला बसव. फक्त म्हातारीला.’’ आणि मग एकटी म्हातारी कशी जाणार, म्हणून मी. आणि आम्ही दोघी बसलो तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय, म्हणून मागच्या पत्र्यावर चौघी, पाय सोडून, पिठाची पिशवी मांडीवर. सखा खड्डे चुकवत चालवत होता. एका खड्ड्यात मागून खट्ट असा आवाज आला. चौघी हसल्या, कोंबडा ओरडला. सखा हसला नाय. गेटवर अर्जुन. आम्हाला बघून तोही हसला आणि त्यानं गेट उघडलं. आमची वरात बंगल्यात आली.

सखा संध्याकाळी गाडीखाली जाऊन बघून आला. म्हणाला, वरून तर काय दिसत नाय. कान शाबूत दिसतोय. मी म्हणाले, बघ, उगाच घाबरत होतास.

रविवारी साहेब पाहुण्यातल्या एकाला शेजारी बसवून निघाले. तिसऱ्या वळणावर मागून कडाड झालं, आडवी काठी सुटली, धुरा सरकला आणि गाडी फिरून कारवीच्या झुडपात, एक चाक गटारात. लागलं कोणाला नाय. पण पाहुण्याचं तोंड पांढरं फटक. अर्ध्या तासात नाशिकचे दोघंही आपल्या गाडीत बसून निघून गेले, चहाला थांबले नाय. मी चहा केला होता.

गाडी ओढून शेडमध्ये आणली. साहेबांनी टॉर्च मारून खाली बघितलं. सखा पुढं झाला तर त्याला हातानं मागं ढकललं. ‘‘लांब राहा! माणूस मेला असता! काल कोणी हात लावला होता गाडीला? कोणाला बसवलंस?’’

सखानं अर्जुनकडं बघितलं. अर्जुनला तेव्हाच धाप लागली होती, भिंतीला धरून उभा होता. मग माझ्याकडं बघितलं. मी ट्रे घेऊन उभी. एक शब्द बोलले असते, ‘मी बसले होते, साहेब, माझ्यामुळं’, तर काय झालं असतं? खोली गेली असती. पण याचा धुरा बरोबर होता एवढं तरी साहेबांना कळलं असतं. मी कपांकडं बघत राहिले.

सखा म्हणाला, ‘‘कोणी नाय बसलं. माझंच वेल्डिंग कच्चं राहिलं.’’

साहेब त्याला जे बोलले ते मी सांगणार नाय. शेवटी म्हणाले, ‘‘शेवटी जुगाडच ना तुमचं! माझीच चूक, मी विश्वास ठेवला.’’ सखानं आपली पान्यांची पिशवी घेतली आणि चालत गेला. जव्हारपर्यंत, सात मैल.

लोक म्हणतील, खोटं बोलला ते अर्जुनसाठी बोलला, देवमाणूस. देवमाणूस कसला, गाढव! त्यानं जे तोंडानं सांगितलं ते साहेबांच्या ड्रायव्हरनं ऐकलं, ड्रायव्हरनं जव्हारच्या स्टँडवर सांगितलं. ‘सखाचं वेल्डिंग कच्चं, स्वतःच कबूल झाला.’ जीपवाले बिथरले. वीस-वीस माणसं भरायची, घाटात जायचं, आणि कच्च्या हाताचे पाटे? महिनाभरात त्याच्याकडं एकही जीप जाईना. गॅरेजवाल्यानं हात जोडले. आणि सगळ्यात वाईट हे, की सखाला स्वतःलाच खरं काय ते माहीत नव्हतं. त्याला तुटलेला कान बघूच दिला नव्हता. वजनानं तुटला की खरंच वेल्डिंग सुटलं, कोण सांगणार? मी एकदा त्याच्या घरी गेले तर मडक्याच्या लोखंडी तिवईचा पाय मोडलेला. म्हणाले, मार ना दोन टाके. तो आपल्या हाताकडं बघून म्हणाला, ‘‘नको. धरेल की नाय सांगता येत नाय.’’

चार महिन्यांनी साहेबांनी पुण्याहून एक इंजिनीअर बाई आणली. जयश्री मॅडम. तरणी पोरगी, केस बांधलेले, सखासारखीच आली आणि गाडीखाली गेली. बाहेर आली ती हातात तो तुटलेला कान घेऊन.

‘‘सर, वेल्डिंग सुटलेलं नाही. वेल्डिंग अजून जसंच्या तसं आहे, बघा. शेजारचा पत्रा वाकून फाटलाय. गाडीवर भरमसाट वजन आलं होतं. रचना एकदम बरोबर आहे. मी असते तर अशीच केली असती. कोणी केलंय हे?’’

साहेब म्हणाले, ‘‘होता एक लोकल मिस्त्री.’’

मी सिंकपाशी भांडी घासत होते. मॅडम पाणी प्यायला आत आली. मला अहो-जाहो करणारी या बंगल्यातली ती पहिली. म्हणाली, ‘‘नवशीताई, तुम्ही इथंच असता ना? त्या वेळी गाडीत जास्त माणसं बसली होती का? खरं सांगा. कोणाला काही होणार नाही. त्या माणसाला मला भेटायचंय, माझ्याकडं काम आहे त्याच्यासाठी.’’

कोणाला काही होणार नाही, असं ज्यांना कधी काही होत नाय तेच म्हणतात. तेव्हा साहेब बाहेर व्हरांड्यात होते, खिडकी उघडी होती. अर्जुन गेटवर खोकत होता.

मी म्हणाले, ‘‘मला काय माहीत मॅडम. मी स्वयंपाकघरात असते.’’

‘‘आणि तो मिस्त्री कुठं राहतो?’’

‘‘गेला कुठंतरी. भिवंडीकडं.’’

तो तेव्हा पाड्यावर होता. तासाभराच्या वाटेवर.

मॅडमनं दुसरा कान लावला, थोडा जाड पत्र्याचा. बाकी सखाचं सगळं तसंच ठेवलं. गाडी आता झकास चालते. तिनं कागदावर चित्र काढलं, पाचही काठ्यांचं, आणि म्हणाली, नाव माझं लावू नका, हे माझं नाही. मग साहेबांनी स्वतःचं लावलं. हॉलमध्ये काचेत लावलंय. मला वाचता येतं, दहावीपर्यंत शिकले मी आश्रमशाळेत. सोमवारी आणि शुक्रवारी मी ती काच पुसते.

यंदा दिवाळी झाल्यावर खोडाळ्याच्या बाजारात सखा भेटला. भट्टीचा ट्रक माणसं न्यायला आला होता, त्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. बापाच्याच भट्टीवर. वाळलाय. पिशवीत एक चादर, एक ताट. पाने नाय, ते विकले म्हणाला. अर्जुनची तब्येत विचारली, सासूचा गुडघा विचारला. मी त्याला भजी घेऊन दिली, ती त्यानं हातात धरून ठेवली.

मग म्हणाला, ‘‘वहिनी, एक विचारू? ती पुण्याची बाई आली होती म्हणे. तिनं कान काढून बघितला असेल ना? काय निघालं?’’

सांगितलं असतं तर तो ट्रकमध्ये चढलाच नसता. थेट मॅडमचा नंबर काढत बंगल्यावर आला असता, साहेबांना विचारलं असतं, आणि मग सगळं निघालं असतं. फाटा, हात, चौघी, आणि त्या दिवशी मी कपांकडं बघत उभी होते ते, आणि सिंकपाशी काय बोलले तेही. खोली तर गेलीच असती. पण खोलीचं कारण मी तुम्हाला सांगते, स्वतःला नाय. त्यानं माझ्याकडं कसं बघितलं असतं, ते मला नको होतं.

‘‘वेल्डिंगच सुटलं होतं म्हणाली,’’ मी सांगितलं. ‘‘कच्चं होतं.’’

त्यानं मान हलवली. ‘‘मला वाटलंच,’’ म्हणाला. भजी माझ्याकडं परत दिली, म्हातारीला दे म्हणाला, आणि पिशवी उचलून ट्रककडं गेला.